५०० आणि १००० केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर समांतर: लहानावर मोठ्याइतकाच लोड का येतो?

देखभाल_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यातील एका मोठ्या शीतगृहात विद्युत देखभालीचे काम माझ्याकडे आहे. बेदाणा आणि हळद यांच्या साठवणीचे कक्ष, अमोनियाचे कॉम्प्रेसर, बर्फाचा विभाग आणि बेदाणा धुण्या-निवडण्याची यंत्रे असा सगळा मिळून आमचा लोड आहे. पुरवठा ११ केव्हीचा असून आवारात दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. पहिला ५०० केव्हीएचा, जुना. दुसरा १००० केव्हीएचा, नवे कक्ष बांधताना घेतलेला. दोन्ही ११०००/४३३ व्होल्टचे आहेत, दोन्हींचा व्हेक्टर ग्रुप (विंडिंगच्या जोडणीचा आणि फेजच्या कोनाचा प्रकार) डीवायएन ११ आहे, आणि नेमप्लेटवरील इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) पहिल्याचा ४.५ टक्के व दुसऱ्याचा ५ टक्के आहे. जुना ट्रान्सफॉर्मर पॅनेलला लागूनच, साधारण १० मीटर केबलवर आहे. नवा यार्डाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे त्याची केबल ३५ मीटरच्या आसपास जाते.

आतापर्यंत दोन्ही बस (पॅनेलमधील मुख्य वाहक पट्ट्या) वेगवेगळ्या चालत होत्या. जुन्या बसवरचा लोड वाढत गेल्याने यंदा बेदाण्याची आवक सुरू होण्याआधी बसकपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) ऑन करून दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर चालवायला आम्ही सुरुवात केली. केव्हीएचे प्रमाण एकास दोन असल्यामुळे करंटही साधारण त्याच प्रमाणात वाटला जाईल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आउटगोइंग फीडरांची (लोडकडे जाणाऱ्या वाटांची) बेरीज १२०० अँपिअर असताना जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या इनकमरवर (ट्रान्सफॉर्मरकडून बसकडे येणाऱ्या वाटेवर) ६०५ अँपिअर आणि नव्याच्या इनकमरवर ६५० अँपिअर दिसतात. जुन्याचा पूर्ण लोडचा करंट ६६७ अँपिअर आहे, म्हणजे तो ९० टक्क्यांवर चालला आहे आणि दुपारी त्याचे तेल चांगलेच तापते. नवा मात्र जेमतेम निम्म्यावर आहे. दोन्ही इनकमरची बेरीज फीडरांच्या बेरजेपेक्षा ५५ अँपिअरने जास्त येते, पण मीटर निरनिराळ्या कंपन्यांचे असल्यामुळे तो फरक मी मीटरच्या चुकीत धरला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली आहे, ती या प्रश्नाशी संबंधित आहे की नाही हे कळत नाही. जुन्या इनकमरवर पॉवर फॅक्टर (एकूण करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) ०.७६ दिसतो आणि नव्यावर ०.९९. तो सुधारणाऱ्या कॅपॅसिटर पॅनेलच्या सगळ्या पायऱ्या आत असूनही जुन्याकडचा आकडा वर येत नाही. पॅनेलचा रिले बिघडला असावा असे आमच्या इलेक्ट्रिशियनचे मत आहे. पुढच्या हंगामात सुमारे २५० केव्हीएचा आणखी एक कक्ष जोडायचा असल्याने हा गुंता आधी सोडवणे आवश्यक आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


कुपवाड_पॅनेल

साहेब, व्हेक्टर ग्रुपची शंका मनातून काढून टाका, कारण तो जुळत नसता तर बसकपलर ऑन होताक्षणीच ब्रेकर पडला असता. मिरज-कुपवाड औद्योगिक वसाहतीत अशी जोडणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि मोठा ट्रान्सफॉर्मर लोड उचलत नसेल, तर त्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे असेच मी आधी समजतो. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बुशिंगवरचे लग (केबलच्या टोकाचे जोड), केबलचे क्रिंपिंग आणि एसीबीचे (इनकमरच्या मुख्य ब्रेकरचे) कॉन्टॅक्ट तपासून घ्या. ॲल्युमिनिअमचे लग तांब्याच्या पट्टीवर थेट बसवले असतील तर वर्षभरात जोड ढिला पडतो.

तिथे काही सापडले नाही, तर नव्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (विंडिंगचे वेढे बदलून व्होल्टेज थोडे कमी-जास्त करणारा स्विच) एक पायरी वाढवून पाहा. व्होल्टेज वाढले की तो लोड ओढू लागेल. एका पायरीने भागले नाही तर आणखी एक वाढवा आणि अँपिअर एकास दोनच्या जवळ आले की थांबा.


विश्रामबाग_निवृत्त

मी सांगलीत अनेक वर्षे विद्युत यंत्रे हा विषय शिकवला असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. प्रश्नकर्त्यांनी जो आकडा असंबद्ध म्हणून शेवटी दिला आहे, त्यातच या कोड्याचे उत्तर दडले आहे, असे माझे मत आहे.

आधी अपेक्षित वाटणी काढू. समांतर जोडलेल्या दोन ट्रान्सफॉर्मरांची दोन्हीकडची टोके एकाच बसवर असतात, त्यामुळे दोन्हींच्या आत होणारा व्होल्टेजचा पात समान असावाच लागतो. म्हणजेच करंट इम्पिडन्सच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. नेमप्लेटवरील टक्केवारी ही त्या त्या ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या केव्हीएवर दिलेली असते, म्हणून केव्हीएला टक्केवारीने भागून आलेल्या आकड्यांची तुलना करावी. जुन्यासाठी ५०० भागिले ४.५ म्हणजे १११ आणि नव्यासाठी १००० भागिले ५ म्हणजे २०० येतात. यावरून जुन्याकडे एकूण लोडच्या ३६ टक्के आणि नव्याकडे ६४ टक्के जायला हवेत. १२०० अँपिअरवर हे आकडे सुमारे ४३० आणि ७७० होतात. टक्केवारी जुन्याची कमी असल्यामुळे आपल्या कुवतीच्या मानाने तो थोडा अधिक लोड घेणार, हे खरे. परंतु त्यातून ६०५ अँपिअर निघत नाहीत.

केबलची लांबीही यात येते, कारण ४३३ व्होल्टच्या बाजूला मोजल्यास १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स जेमतेम ९.४ मिलिओहम भरतो. ३०० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनिअमच्या चार केबली समांतर टाकल्या आहेत असे धरले, तर ३५ मीटरमध्ये त्यांचा इम्पिडन्स एक मिलिओहमच्या आसपास जातो आणि नव्याची वाट त्या मानाने काहीशी लांब होते. त्यामुळे वाटणी ३६-६४ वरून ३७-६३ वर येईल. मोठा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम दूर ठेवणे चांगले नाही, हे यातून दिसते. पण आपल्या तक्रारीचे हे कारण नव्हे.

ढिल्या जोडाचा तर्क मला पटत नाही. वाटणी इतकी बिघडवायची तर त्या जोडात काही मिलिओहम रोध असला पाहिजे. ६५० अँपिअर वाहत असताना ५ मिलिओहमचा जोड एका फेजला दोन किलोवॅटहून अधिक उष्णता देईल. असा जोड काही मिनिटांतच लाल झाला असता आणि तो शोधण्यासाठी कोणत्याही मीटरची गरज पडली नसती.

आता पॉवर फॅक्टरकडे पाहू. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच बसला, एकाच लोडला पुरवठा करत आहेत. दोन्हींच्या विंडिंगमधील रोध आणि रिॲक्टन्स यांचे प्रमाण फार वेगळे नसेल, तर लोडचा जो पॉवर फॅक्टर, साधारण तोच दोन्ही इनकमरवर दिसायला हवा. इथे एकीकडे ०.७६ आणि दुसरीकडे ०.९९ आहे. याचा अर्थ जुना ट्रान्सफॉर्मर लोडची बहुतेक सगळी रिॲक्टिव्ह (प्रत्यक्ष काम न करणाऱ्या करंटची) गरज पुरवून शिवाय काही करंट असा वाहत आहे, जो लोडकडे न जाता बसमार्गे नव्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आणि ११ केव्हीच्या बाजूने फिरून परत येतो. यालाच आपण सर्क्युलेटिंग करंट म्हणतो. हा करंट जवळजवळ पूर्ण लॅगिंग (व्होल्टेजच्या मागे राहणारा) असतो, म्हणून एका इनकमरचा पॉवर फॅक्टर बिघडतो आणि दुसऱ्याचा आपसूक सुधारलेला दिसतो. दोन इनकमरची बेरीज फीडरांपेक्षा ५५ अँपिअरने जास्त येण्याचे कारणही हेच आहे: वेगवेगळ्या कोनांतील करंट सरळ बेरजेने जुळत नाहीत. मीटरांना दोष देऊ नका, ते खरे सांगत आहेत.

हा करंट निर्माण होतो तो दोन्हींच्या बिनलोड व्होल्टेजमध्ये फरक असल्यामुळे, आणि तो फरक बहुधा टॅपचा असतो. अडीच टक्क्यांच्या एका पायरीचा फरक धरून हिशेब करा. नव्याचे ५ टक्के ५०० केव्हीएच्या आधारावर आणले की २.५ टक्के होतात, जुन्याचे ४.५ टक्के मिळवून बेरीज ७ टक्के. अडीच भागिले सात म्हणजे जुन्याच्या पूर्ण लोडच्या ३६ टक्के, म्हणजे जवळजवळ २४० अँपिअर. केबलचा वाटा धरला तर २३० च्या आसपास. लोड शून्य असला तरी हा करंट वाहतच राहतो. ३७-६३ च्या वाटणीत हे २३० अँपिअर योग्य कोनाने मिळवून पाहिले, तर जुन्याकडे ६०८ आणि नव्याकडे ६४८ येतात. आपण मोजलेले आकडे याहून फारसे निराळे नाहीत.

म्हणून विनंती अशी की, सगळे फीडर बंद असताना, कॅपॅसिटर पॅनेलही बंद ठेवून, दोन्ही इनकमरवर टाँग टेस्टर (केबलभोवती लावून करंट मोजणारा मीटर) लावावा आणि दोन्हींच्या टॅप स्विचची स्थिती इथे कळवावी.

कुपवाडच्या मित्रांनी सुचवलेल्या टॅपच्या उपायाविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. नव्याचा टॅप एक पायरी वाढवल्यास दोन्ही व्होल्टेज जुळतील आणि रोग बरा होईल, हे शक्य आहे. परंतु टॅपमुळे किलोवॅटची वाटणी फारशी बदलत नाही, ती इम्पिडन्स ठरवतो. टॅपने मुख्यतः रिॲक्टिव्ह करंट इकडून तिकडे जातो. अँपिअर एकास दोन होईपर्यंत टॅप वाढवत गेलात, तर दुसऱ्या पायरीवर जुन्याचा मीटर ३६० आणि नव्याचा ९१० च्या जवळ दाखवील आणि वाटणी छान झाली असे वाटेल. वस्तुतः तेवढाच सर्क्युलेटिंग करंट उलट्या दिशेने सुरू झालेला असेल, आणि या वेळी पॉवर फॅक्टर नव्याचा बिघडलेला दिसेल. फक्त अँमीटरकडे पाहून समांतर ट्रान्सफॉर्मरांचा टॅप ठरवू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.


देखभाल_तासगाव

सर, आपण सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी कॉम्प्रेसर थांबवून मोजणी केली. सगळे फीडर आणि कॅपॅसिटर बंद असताना जुन्या इनकमरवर २३२ आणि नव्यावर २३१ अँपिअर आले. लोड नसताना एवढा करंट पाहून आमचे व्यवस्थापकही चकित झाले. जुन्याचा टॅप ४ वर आहे आणि नव्याचा ३ वर. जुनी नोंदवही काढून पाहिली, तेव्हा काही वर्षांपूर्वी फीडरवर शेतीपंपांचा ताण असताना व्होल्टेज कमी मिळत होते म्हणून जुन्याचा टॅप ३ वरून ४ वर नेल्याची नोंद सापडली. नवा ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून ३ वर आला आणि तसाच जोडला गेला. बस वेगळ्या असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हते.

आता दोन शंका आहेत. रात्री आमच्याकडे बसवर ४४० व्होल्टच्या वर जाते, तेव्हा जुना ३ वर आणावा की नवा ४ वर न्यावा? आणि या फिरणाऱ्या करंटमुळे आमच्या वीजबिलात भर पडली असेल का? एचटी (उच्च दाबाच्या जोडणीचे) बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून, असल्यामुळे व्यवस्थापकांनी हा प्रश्न लगेच विचारला.


विश्रामबाग_निवृत्त

व्होल्टेज आधीच चढे आहे, म्हणून जुना ३ वर आणावा. ४ या स्थितीत एचटी बाजूचे वेढे कमी होतात आणि एलटीचे व्होल्टेज अडीच टक्क्यांनी चढते. आपल्याला त्याची आता गरज उरलेली नाही.

हा टॅप स्विच पुरवठा बंद असतानाच फिरवायचा असतो, आणि समांतर जोडणीत 'बंद' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. जुन्याचा फक्त एचटी ब्रेकर उघडला, तर नवा ट्रान्सफॉर्मर एलटी बसमार्गे त्याला उलटा पुरवठा करतो आणि उघडलेल्या ब्रेकरच्या अलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर, पूर्ण ११ केव्ही हजर असते. म्हणून आधी एलटीचा एसीबी पाडून बाहेर ओढावा, मग एचटी ब्रेकर उघडावा, दोन्हींना कुलूप घालावे, व्होल्टेज नाही याची खात्री करून एचटी बाजू अर्थ करावी आणि त्यानंतरच टॅपच्या हँडलला हात लावावा. टॅप बदलल्यावर तिन्ही फेजचे गुणोत्तर मोजून घेतल्यास उत्तम. जुन्या स्विचचा एखादा कॉन्टॅक्ट नीट बसत नाही असे कधी कधी आढळते.

पुन्हा समांतर करण्यापूर्वी एक सोपी तपासणी करावी. जुना एचटीकडून चालू करावा, त्याचा एसीबी मात्र उघडा ठेवावा, आणि उघड्या एसीबीच्या वरच्या व खालच्या टोकांमधील व्होल्टेज योग्य क्षमतेच्या मीटरने फेजवार मोजावे. टॅप जुळले असतील तर ते शून्याच्या जवळ असेल. आजवर तिथे ६ व्होल्टच्या आसपास असणार. इतके छोटे व्होल्टेज २३० अँपिअर कसे ढकलते, हे विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागत असे. डीवायएन ११ सोबत चुकून डीवायएन १ जोडला असता, तर याच ठिकाणी २५० व्होल्टच्या आसपास दिसले असते.

बिलाविषयी: फिरणारा करंट एचटी बाजूलाही दोन ट्रान्सफॉर्मरांमध्येच फिरतो, मीटरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्याचा पॉवर फॅक्टर बिलात येत नाही. विंडिंगमध्ये वाया जाणारी उष्णता मात्र मीटर मोजतो. ती माझ्या अंदाजाने एक ते सव्वा किलोवॅट आहे, म्हणजे दिवसाला २५ ते ३० युनिट. रक्कम फार मोठी नाही. तेल तापून जुन्याच्या कागदी इन्सुलेशनचे आयुष्य घटते, ते नुकसान अधिक मोठे समजावे.

कॅपॅसिटर पॅनेलचा रिले बहुधा निर्दोष आहे. त्याची सीटी (करंट मोजून रिलेला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) कुठे बसवली आहे ते पाहा. बस वेगळ्या असतानाची सीटी जुन्या इनकमरवरच राहिली असेल, तर रिलेला केवळ ०.७६ दिसतो आणि तो बिचारा सगळ्या पायऱ्या आत घेऊन बसतो. दोन्ही इनकमरवर सीटी बसवून त्यांची बेरीज देणारी समेशन सीटी रिलेला जोडावी; समांतर चालवायचे असेल तर टॅप जुळवल्यानंतरही तिची गरज राहील.


कऱ्हाड_एचटी

वरील चर्चा वाचून समाधान वाटले, परंतु एका महत्त्वाच्या मुद्द्यावर कोणीच बोललेले नाही. लोड कसा वाटला जातो यापेक्षा शॉर्टसर्किट झाल्यावर काय होईल, याची मला जास्त काळजी वाटते.

जुना ट्रान्सफॉर्मर एकटा असताना त्याच्या एलटी टोकांवर जास्तीत जास्त फॉल्ट करंट ६६७ भागिले ०.०४५, म्हणजे १४.८ किलोअँपिअर येतो. नव्याचा १३३३ भागिले ०.०५, म्हणजे २६.७ किलोअँपिअर. बसकपलर ऑन केला की दोन्हींची बेरीज ४१.५ किलोअँपिअर होते, आणि चालू असलेल्या कॉम्प्रेसरच्या मोटरी पहिल्या काही सायकलमध्ये आपला वाटा त्यात घालतात. ११ केव्हीच्या फीडरचा आणि केबलचा इम्पिडन्स धरल्यास हा आकडा प्रत्यक्षात काहीसा खाली येतो. म्हणून वितरण कंपनीकडून आपल्या जोडणीच्या ठिकाणची ११ केव्हीची फॉल्ट लेव्हल लेखी मागून घ्यावी आणि मगच अंतिम हिशेब करावा. तोपर्यंत मी तरी ४१.५ हाच आकडा गृहीत धरीन.

जुने पॅनेल ५०० केव्हीएच्या काळात बनवलेले असणार. त्यातील आउटगोइंग एमसीसीबी (फीडरांचे ब्रेकर) २५ किंवा ३६ किलोअँपिअरचे असतील, तर आज एखाद्या फीडरवर शॉर्टसर्किट झाल्यास ते करंट तोडू शकतील याची शाश्वती नाही. बसबारचे आधारही त्याच जुन्या आकड्यावर बसवलेले असतील. प्रत्येक एमसीसीबीवरील आकडा वाचून यादी करावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरे असे की, समांतर चालवण्याची गरज आपल्याला खरोखर आहे का? १२०० अँपिअर म्हणजे ९०० केव्हीए. नवा ट्रान्सफॉर्मर एकटा तेवढा लोड ९० टक्क्यांवर वाहू शकतो आणि जुना राखीव राहतो. पुढचा २५० केव्हीएचा कक्ष आला की बेरीज ११५० केव्हीए होईल, तेव्हा मात्र एकट्याने भागणार नाही. त्या वेळीही बसकपलर उघडा ठेवून कॉम्प्रेसर नव्यावर आणि धुण्या-निवडण्याची यंत्रे, दिवाबत्ती, कार्यालय व नवा कक्ष जुन्यावर अशी विभागणी करता येईल. बेदाणा भरून झाला आणि कक्ष अपेक्षित तापमानाला आले की लोड उतरतो. मग जुना सरळ बंद ठेवल्यास त्याच्या गाभ्याचा बिनलोड नाशही वाचतो.

समांतर चालवणारच असाल, तर १५०० केव्हीए उपलब्ध आहेत असे मानू नका. नेमप्लेटच्या इम्पिडन्सप्रमाणे जुना १०० टक्क्यांवर पोहोचतो तेव्हा एकूण लोड १४०० केव्हीएच असतो. नेमप्लेटवर मोजलेला इम्पिडन्स आहे की मानकातला ठोकळ आकडा छापलेला आहे, हेही पाहावे, कारण आयएस ११८० या भारतीय मानकात ५०० केव्हीएसाठी ४.५ आणि १००० केव्हीएसाठी ५ टक्केच दिलेले आहेत आणि त्यावर उणे-अधिक १० टक्क्यांची सूट असते. जुना ४.०५ चा आणि नवा ५.५ चा निघाला, तर हीच मर्यादा १२३६ केव्हीएवर येते. दोन्हींच्या चाचणी प्रमाणपत्रांतले मोजलेले आकडे काढून ठेवावेत.


देखभाल_तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल शटडाऊन घेऊन जुना टॅप ३ वर आणला. उघड्या एसीबीवर तिन्ही फेजमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आले. समांतर केल्यावर एकूण १२०० अँपिअरला जुन्यावर ४४६ आणि नव्यावर ७५५ अँपिअर दिसले; दोन्हीकडे पॉवर फॅक्टर ०.९२ च्या आसपास आहे आणि बेरीजही जवळजवळ तंतोतंत जुळते. कॅपॅसिटर रिलेची सीटी सरांनी म्हटल्याप्रमाणे जुन्या इनकमरवरच निघाली.

कऱ्हाडच्या साहेबांनी सांगितल्यावर एमसीसीबी तपासले. नव्या पॅनेलातले सगळे ५० किलोअँपिअरचे आहेत, जुन्या पॅनेलातले मात्र बहुतेक २५ चे आहेत. त्यामुळे आज दुपारी बसकपलर उघडला आणि जुन्या बसवरचे दोन कॉम्प्रेसर नव्या बसवर घेण्याचे काम सुरू केले आहे. बसकपलर पुन्हा कधी ऑन करावा लागलाच, तर आणखी कोणती व्यवस्था हवी?


कुपवाड_पॅनेल

टॅपच्या बाबतीत सरांचा हिशेब मान्य आहे, दुसरी पायरी सुचवायला नको होती. जुन्या पॅनेलातले एमसीसीबी बदलायचे ठरले, तर आधी बसबारच्या आधारांमधले अंतर मोजून घ्या. नुसते ५० चे ब्रेकर बसवून बसबार तसाच ठेवला, तर त्या खर्चाचा उपयोग नाही. आणि तोपर्यंत बसकपलरला दोन्ही इनकमरसोबत किल्लीचा इंटरलॉक लावा, म्हणजे तिन्ही एकाच वेळी ऑन होणार नाहीत आणि रात्रपाळीच्या माणसाकडून अनवधानाने समांतर होणार नाही.


कऱ्हाड_एचटी

जुन्या पॅनेलातले ब्रेकर बदलेपर्यंत इंटरलॉक हाच योग्य मार्ग आहे. त्यानंतर समांतर चालवायचे झाल्यास प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा एचटी ब्रेकर आणि एलटी एसीबी यांच्यात इंटरट्रिप (एक पडला की दुसऱ्यालाही पाडणारी जोडणी) हवाच; बुखोल्झ (तेलातील बिघाड ओळखणारा रिले) किंवा तापमानाच्या ट्रिपने एचटी ब्रेकर पडला आणि एसीबी तसाच राहिला, तर बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरला दुसरा ट्रान्सफॉर्मर एलटीकडून पुरवठा करत राहतो. न्यूट्रलवरच्या अर्थफॉल्ट रिलेंचे सेटिंगही नव्याने करून घ्यावे, कारण दोन न्यूट्रल अर्थ असताना फॉल्टचा करंट दोन वाटांनी परततो आणि प्रत्येक रिलेला त्याचा काहीच भाग दिसतो. हे बदल एकरेषीय आराखड्यात दाखवून विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात सादर करावेत.

इंटरट्रिपची चाचणी मात्र कागदावर होत नाही. जुना कमी लोडवर असताना त्याचा एचटी ब्रेकर हाताने पाडा आणि एसीबी त्याच क्षणी पडतो का ते पाहा. नंतर हीच चाचणी नव्यावर करा, आणि बुखोल्झचा कॉन्टॅक्ट जोडपेटीत शॉर्ट करून दोन्ही ब्रेकर एकदम पडतात याचीही खात्री करून घ्या.